जहाजावरचा खानावळवाला

बारा एप्रिल, रविवार. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत मी लालबागला डंकावर मसाला कुटून घ्यायच्या रांगेत होते. पाच किलो मिरची, त्याला बेताचे धने, बाकीचा गरम मसाला आणि हातात जहाजावरून आलेली साटमांची यादी. यादीच्या शेवटी लाल शाईत लिहिलं होतं: "कुटणाऱ्याला सांगणे, घरचा मसाला नाही, जहाजाचा आहे. त्याप्रमाणे मान ठेवणे." मी डंकवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, जहाज असो नायतर होडी, नंबर बारावा."

रघुनाथ साटम यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. माणूस किती खातो, ते मात्र ते एकदा बघून जन्मभर विसरत नाहीत. त्यांच्या जगात जॉन, पीटर, मारिया असं कोणी नसतंच. 'अर्धं पान', 'साडेतीन पानं', 'नुसताच रस्सा', 'भात चिवडणारी' अशी माणसं असतात. पान म्हणजे ताट. साटम लालबागच्या खानावळीत वाढले, त्यामुळे ते दुनिया पानांत मोजतात.

मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. मुदतीआधी निवृत्ती घेतली, मुलगी सासरी गेली, आणि मी सहा महिन्यांसाठी आफ्रिकेतल्या एका हॉस्पिटल-जहाजावर काम करायला गेले. पगार नाही, उलट तिकीट आपलं आपण काढायचं. भोईवाड्यात चाळीतल्या प्रत्येक बाईने एकच प्रश्न विचारला, "आणि भाऊंच्या जेवणाचं काय?" भाऊ म्हणजे माझे यजमान. त्यांना वरणभात करता येतो. मी गेल्यावर येऊ लागला.

जहाज पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात धक्क्याला लागलेलं होतं. खालच्या मजल्यांवर वॉर्ड आणि थिएटर, वर आमच्या खोल्या. एका खोलीत सहा जणी, खिडकी नाही, आंघोळ दोन मिनिटांत उरकायची. पहिल्या दुपारी मी ताट घेऊन जेवणाच्या रांगेत उभी राहिले. समोर उकडलेले बटाटे, उकडलेलं गाजर, उकडलेली कोंबडी. वाढणारा माणूस काडीसारखा बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. त्याने माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "दीड चपाती. भात बेताचा. परेल की लालबाग?"

"भोईवाडा," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच असणार, कारण मागची नॉर्वेची नर्स दचकली.

"मग वांयच थांबा," साटम म्हणाले, आणि काउंटरखालून झाकलेली वाटी काढली. माशाची आमटी! कोकम घातलेली! मुंबई सोडून दोनच दिवस झाले होते, पण मी ती रांगेत उभ्याउभ्याच प्यायले. तेव्हापासून त्या जहाजावर माझं नाव 'दीड चपाती'.

साटम संपाच्या आधी गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. त्यांची आई खानावळ चालवायची. संप झाला, गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. मग ते मालवाहू जहाजावर भंडाऱ्याच्या हाताखाली लागले. जहाजावरच्या आचाऱ्याला भंडारी म्हणतात. पुढे स्वतःच भंडारी झाले. एकदा त्यांचं जहाज या हॉस्पिटल-जहाजाच्या शेजारी लागलं. साटम कांदे उसने मागायला इकडे आले, धक्क्यावरची रोग्यांची रांग बघितली आणि कांदे न घेताच परत गेले. पुढच्या वर्षी नोकरी सोडून पंचा खांद्यावर टाकून हजर. प्रवेशाच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात त्यांनी 'लालबाग' असं लिहिलंय. ऑफिसातल्या मुलीने विचारलं, हे नवऱ्याकडचं नातं की बायकोकडचं? साटम म्हणाले, "बोथ साइड."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "बावीस मेंबरांचा करून वीट इलो." मेंबर म्हणजे खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवणारे.

मुदपाकखान्याला ते 'खातं' म्हणायचे. सकाळचं जेवण दिवसपाळी, संध्याकाळचं रातपाळी. आणि पाळी म्हटली की भोंगा हवाच. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जेवणाच्या वेळी तोंडापुढे दोन्ही तळवे धरून गिरणीचा भोंगा वाजवला. मी तो नंतर ऐकला आहे. डोळे मिटले तर लालबागला नाक्यावर उभं असल्यासारखं वाटतं. पण तेव्हा जहाजावर कोणालाच लालबाग माहीत नव्हतं. इंजिनवाले आगीचे पाइप घेऊन धावत वर आले, नर्सेसनी लाइफ जॅकेट चढवली, आणि कॅप्टन स्वतः खाली उतरला. साटमांनी त्याला खुर्ची दिली, म्हणाले, "फर्स्ट टाइम ऑल कम ऑन टाइम, सर." कॅप्टनने भोंग्यावर बंदी घातली. मग साटम तो फक्त रविवारी, हळू वाजवायचे.

मुख्य आचारी ॲनेके नावाची उंच डच बाई होती. तिला प्रत्येक पदार्थ कागदावर ग्रॅममध्ये लिहून हवा. साटमांचं माप असं, की तांदळावर पाणी बोटाच्या एका पेराइतकं. दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी ॲनेकेने पट्टी आणून साटमांच्या बोटाचं पेर मोजलं आणि ते कागदावर नोंदवलं. साटम मला अभिमानाने सांगत आले, "सिस्टर, माजा बोट हापिसात लागला!"

एकदा तर मी थिएटरमध्ये हात धुऊन, ग्लोव्हज घालून उभी, आणि दाराच्या गोल काचेबाहेर साटम उड्या मारतायत. मला वाटलं, कोणाला तरी चटका बसला. मी दुसऱ्या सिस्टरला बाहेर पाठवलं. ती परत आली, म्हणाली, "तो काहीतरी सांगतोय, मला कळत नाही, पण फार आनंदात आहे." ऑपरेशन संपल्यावर मी गेले. साटम तिथेच होते. "सिस्टर, बांगडे गावले! बाजारात! ताजे!" तेवढ्यासाठी ते दोन तास उभे होते.

आता याओची गोष्ट सांगते, कारण साटम म्हणजे नुसती गंमत असं कोणाला वाटायला नको.

याओ बंदरावर ओझी वाहायचा. वय चाळीसच्या आसपास. त्याच्या खालच्या जबड्यात गाठ होती, आठ वर्षं वाढत वाढत नारळाएवढी झालेली. कर्करोग नव्हता, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि तो सतत चेहऱ्यावर फडकं धरून असायचा. त्यांच्याकडे घरातले सगळे एका परातीभोवती बसून जेवतात. याओला त्या परातीपासून उठवलं होतं. तो पाठ करून एकटा जेवायचा. हे आमच्या दुभाषीने सांगितलं तेव्हा साटम तिथे चहा घेऊन आले होते. त्यांनी कप मोजून ठेवले.

याओचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी साडेसातला ठरलं होतं. सात तासांचं काम, म्हणून दिवसाची पहिली आणि एकमेव केस. त्या आठवड्यानंतर मोठी ऑपरेशनं बंद होणार होती, कारण जखम भरायला तीन आठवडे लागतात आणि महिनाअखेर जहाज बंदर सोडणार होतं. शुक्रवार, शनिवार भरलेले. म्हणजे याओला गुरुवार, नाहीतर काही नाही.

गुरुवारी सात वाजता वॉर्डातून फोन आला. याओने खाल्लंय.

भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं. नाहीतर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाते आणि माणूस टेबलावर मरतो. हे मी सत्तावीस वर्षं रोग्यांच्या नातेवाइकांना ओरडून सांगत आले. इथे नातेवाईक नव्हते. इथे साटम होते. ते रोज पहाटे पाचला रातपाळीच्या नर्सेसना चहा द्यायला जायचे. नर्स आतल्या पेशंटकडे होती. साटमांनी याओला जागा बघितलं आणि स्वतःसाठी केलेली पेज त्याला पाजली. पाव लिटर. वर सुक्या जवळ्याची चटणी.

मी जिने उतरून मुदपाकखान्यात गेले ती तावातावानेच.

"साटम, खाटेवर पाटी होती! चित्र होतं!"

"होता."

"काय होतं चित्रात?"

"चमचा. त्याच्यार फुली."

"मग?"

"म्हणान चमच्यान नाय दिलंय. वाटीन पाजलंय."

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. "तो नको म्हणाला नाही?"

साटम म्हणाले, "म्हणाला. हात हलवत होता."

"तरी पाजलंत?"

मी त्यांना सांगितलं की पोट रिकामं व्हायला दुपार होईल, मग सात तासांचं काम आज बसत नाही, या माणसाचं ऑपरेशन आता होणार नाही, जहाज जाईल, आणि तो याच तोंडाने घरी जाईल. एवढं बोलून मी वर आले. मला कामं होती.

सर्जन ॲलन, म्हणजे साटमांचा 'अर्धं पान', यादी पुढे ठेवून बसला होता. तो म्हणाला, रविवार तेवढा रिकामा आहे. पण रविवार रिकामा होता कारण माणसं थकली होती. महिनाभर सगळे बारा-बारा तास उभे होते. भूलतज्ज्ञाची पाठ धरली होती. सात तासांच्या कामाला निदान आठ माणसं लागतात आणि मी हुकूम देऊ शकत नव्हते. स्वखुशीने आलेल्यांना हुकूम कसला देणार?

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना जोरात भोंगा वाजला. रविवार नव्हता, हळूही नव्हता. आणि साटम बटाट्याच्या उलट्या खोक्यावर उभे.

मी गिरणगावातली मुलगी. मला ते उभं राहणं ओळखू आलं. संपाच्या वेळी प्रत्येक गिरणीच्या दारावर असा एक माणूस असाच उभा असायचा, पाय फाकून, एक हात वर. साटम गेटसभा घेत होते!

"ब्रदर्स! सिस्टर्स! आय एम साटम. थर्सडे बिग मिस्टेक. मिस्टेक नॉट याओ. मिस्टेक साटम. याओ गो होम सेम फेस, बिकॉज साटम." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "संडे यू वॉन्ट स्लीप. राइट! युवर राइट! बट आय आस्क. एट पीपल. ओन्ली एट. यू कम, आय कुक एनीथिंग यू लाइक. यू नो कम, ऑल्सो आय कुक एनीथिंग यू लाइक. फूड, नो स्ट्राइक!"

ॲनेके मुदपाकखान्याच्या दारात उभी, हातात झारा तसाच. मग 'साडेतीन पानं' उठला. हा इंजिनखोलीतला दांडगा ऑस्ट्रेलियन. म्हणाला, "मला ऑपरेशनमधलं काही येत नाही. पण मी स्ट्रेचर ढकलेन." सगळे हसले. तेवढ्यात भूलतज्ज्ञ पाठीला हात लावत उभा राहिला. मग माझ्या थिएटरमधल्या दोघी. मग हत्यारं उकळणारा मुलगा. 'भात चिवडणारी' प्रयोगशाळेतली मुलगी होती, तीही उठली. ॲलनने नुसता चमचा वर केला. मी मोजत होते. सात झाले. आठवी मी उभी राहिले. एवढा आवाज झाला की कॅप्टन परत खाली आला. या वेळी त्याने काही विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या आणि वर गेला.

रविवारी सकाळी साडेसातला याओ टेबलावर होता. पोट रिकामं. मी दोनदा विचारलं, दुभाषीने दोनदा विचारलं.

जहाजावर रक्तपेढी नसते. लागेल तेव्हा जहाजावरच्याच माणसाला बोलावतात आणि ताजं रक्त काढतात. याओच्या गटाचे त्या दिवशी दोघेच होते, कॅप्टन आणि साटम. कॅप्टनचं सकाळी काढलं. अकराला ॲलन म्हणाला, अजून एक पिशवी लागेल. प्रयोगशाळेतल्या मुलीने साटमांना नियमाप्रमाणे विचारलं, नाश्ता केलाय ना? साटम म्हणाले, "येस, येस. फुल." पिशवी आत आली. हाताला गरम लागते ती. मी ती लावली.

एकच्या सुमारास ॲलनने गाठ काढून ट्रेमध्ये ठेवली. अडीचपर्यंत त्या जागी धातूची पट्टी बसली, टाके पडले. मी याओचा चेहरा पुसला. दोन्ही बाजू सारख्या होत्या. भूलतज्ज्ञ स्टुलावर बसून पाठ चोळत म्हणाला, "देखणा आहे की हा!" आम्ही सगळेच खुळ्यासारखे हसत होतो.

मी मास्क काढून सांगायला बाहेर आले. साटम दाराशेजारी भिंतीला टेकून उभे होते. "झालं," मी म्हणाले, "छान झालं." त्यांनी मान हलवली आणि भिंतीवरून सरळ खाली घसरले.

चक्कर आलेल्या माणसाचं काय करायचं ते मला कळतं. पाय वर घेतले, कॉलर सैल केली, साखरेचं पाणी मागवलं. नाडी मऊ, हात गार. डोळे उघडल्यावर विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंत?"

"चाय घेतलंय."

"खाल्लंत कधी?"

"बेस्तरवारी."

म्हणजे गुरुवार. तीन दिवस हा माणूस चारशे जणांना वाढत होता आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. वाढणारा कधी जेवला, हे कोण बघतं?

"लॅबमध्ये तर सांगितलंत, नाश्ता केलाय म्हणून!"

"सांगूक लागता तसा," साटम म्हणाले. "उपाशी माणूस तसाच सांगता, सिस्टर. माझी आये सांगायची."

ते जमिनीवर पडल्या पडल्याच बोलत होते, छताकडे बघत.

"संपात बावीस मेंबर होते आमचे. अर्धे गावाक गेले. बाकीचे खंय जातले? आये त्यांका वाढायची, मग माका. मी इचारायचंय, आये, तू? ती म्हणायची, मी मगाशीच जेवलंय. रोज. हात हलवायची असो." त्यांनी हात हलवून दाखवला. "मी सव्वीस वर्षांचो घोडो. गेटार घोषणा देऊन येयचंय, माका भूक लागलेली. परत इचारलंय नाय. मग एक दिवस ती मोरीत पडली. डाक्टर इलो, म्हणालो, हिने शेवटचा कधी खाल्ला? माका सांगूक येयना. तिनाच सांगितल्यान. मगाशीच जेवलंय."

"मग?"

"मग काय. चार दिवसांनी गेली. याओन असोच हात हलवलो."

साखरेचं पाणी आलं होतं, ते पाजलं, आणि स्ट्रेचर ढकलायला आलेल्या 'साडेतीन पानं'ला सांगून त्यांना खोलीत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी मुदपाकखान्यात गेले. साटम उठून आलेच होते, पंचा खांद्यावर. मी ॲनेकेकडून रवा मागून घेतला आणि उपमा केला. माझ्या हातचा उपमा घरी कोणी मागून खात नाही. साटम म्हणाले, "सिस्टर, बाहेरच्या माणसाक खात्यात..." मी म्हणाले, "बसा." ते बटाट्याच्या पोत्यावर बसले. मी ताट समोर धरलं. त्यांचा हात हलायला लागला, "मी मगाशीच..." एवढं तोंडातून निघालं, आणि ते थांबले.

मग खाली मान घालून खायला लागले.

"मीठ कमी हा," थोड्या वेळाने म्हणाले, आणि ताट पुढे केलं.

मी वाढलं. साडेसातला माझी पहिली केस होती. सात वीसपर्यंत मी तिथेच उभी होते.